बुडबुड्यात काय असतं? कॉलेजातलं रसायनशास्त्र, पडद्यावर आणि वर्गात



आज सुरुवात एका प्रश्नानं करू. गॅसवर चहाचं आधण ठेवलंय. पाणी खळखळ उकळायला लागलं की तळातून मोठे बुडबुडे वर येतात आणि फुटतात. त्या बुडबुड्यांच्या आत काय असतं? चार पर्याय देते. एक, हवा. दोन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. तीन, पाण्याची वाफ. चार, काहीच नाही, नुसती पोकळी. तुमचं उत्तर मनात पक्कं करा. घरात कुणी असेल तर त्यांनाही विचारा. मग पुढे जाऊ.

मी इंदूरमधल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. घरात मराठी, वर्गात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी, अशी माझी रोजची ये-जा असते. वर्गात इंदूर शहरातली मुलं असतात, तशीच धार, देवास, खरगोन, बडवानी इकडच्या गावांतून आलेलीही असतात. वीसेक वर्षं शिकवल्यावर माझी अशी समजूत झाली होती की आपल्याला शिकवता येतं. २०२० साली ती समजूत मोडली. ती कशी मोडली आणि त्यातून मी काय शिकले, ते आज सांगते. ऐकणाऱ्यांत शिक्षक असतील, पालक असतील, शिकणारी मुलंही असतील. तिघांनाही यातलं काहीतरी उपयोगी पडेल अशी आशा आहे.

काळे चौकोन

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि कॉलेज बंद झालं. वसतिगृहातली मुलं आपापल्या गावी गेली. मी स्वयंपाकघरात दोन डब्यांवर मोबाइल टेकवून, खाली वही ठेवून शिकवायला लागले. खरं सांगायचं तर मी काहीच बदललं नव्हतं. वर्गातलंच व्याख्यान द्यायचे, फक्त फळ्याऐवजी वहीवर.

समोर चेहरे नव्हते. काळे चौकोन आणि त्यांत नावं. ‘समजलं का?’ असं विचारलं की दोन-चार जण ‘यस मॅम’ असं टाइप करायचे. बाकी सगळी शांतता. ती शांतता मला खायला उठायची.

एक दिवस बाष्पदाबाचं प्रकरण संपलं. क्लॉशियस-क्लॅपेरॉन समीकरणावरची गणितं मुलांनी सोडवून पाठवली होती आणि बहुतेकांची बरोबर होती. सहज म्हणून मी बुडबुड्यांचा हा प्रश्न पोलमध्ये टाकला. कुणाचं नाव दिसणार नव्हतं, गुणही नव्हते.

निकाल बघून मी गप्प झाले. बहुतेक मतं ‘हवा’ आणि ‘हायड्रोजन-ऑक्सिजन’ या दोन पर्यायांत वाटली गेली होती. बरोबर उत्तर आहे ‘पाण्याची वाफ’, आणि ते निवडणारी मुलं मोजकीच होती. उत्कलनबिंदूचं गणित बरोबर सोडवणाऱ्या मुलांना पाणी उकळतं म्हणजे काय होतं, हेच ठाऊक नव्हतं.

माझा पहिला विचार असा होता की हे ऑनलाइनमुळे झालं. पण रात्री झोप लागेना. हेच प्रकरण मी वीस वर्षं वर्गात शिकवत होते. तिथे मुलं समोर होती, माना डोलवत होती, आणि मी त्या मानांवर विश्वास ठेवत होते. हा प्रश्न मी त्यांना एकदाही विचारला नव्हता. वर्गातली मान आणि पडद्यावरचं ‘यस मॅम’, दोन्हींतून मला सारखंच काही कळत नव्हतं. वर्गात मला फक्त तसं वाटत नव्हतं, एवढाच फरक.

पुढे वाचताना कळलं की हा घोळ आपल्याकडचाच नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे जॉर्ज बोडनर यांनी रसायनशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी नव्यानं दाखल झालेल्या पदवीधरांना हाच प्रश्न विचारला होता. १९९१ साली त्यांनी त्यावर लिहिलं. तिथेही काही जणांनी हवा म्हटलं होतं आणि काहींनी चक्क हायड्रोजन-ऑक्सिजन.

चुकीचं उत्तर येतं कुठून

मुलं मूर्ख असतात म्हणून चुकत नाहीत. प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे काहीतरी पाहिलेलं किंवा शिकलेलं असतं.

‘हवा’ म्हणणाऱ्यानं खरंच काहीतरी पाहिलेलं असतं. पाणी तापायला लागलं की उकळण्याच्या खूप आधी भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे चिकटतात. ती पाण्यात विरघळलेली हवाच असते. पण नंतरचे मोठे, सतत येणारे बुडबुडे वेगळे. ‘हायड्रोजन-ऑक्सिजन’ म्हणणाऱ्यानं शाळेत पाण्याच्या विद्युत अपघटनाची आकृती काढलेली असते. तिथे दोन नळ्यांत बुडबुडे असतात आणि त्यांत खरोखरच हे दोन वायू असतात. शिवाय पाण्याचं सूत्र एच-टू-ओ. पाण्यातून वायू निघाला म्हणजे एच आणि ओ सुटे झाले, असं त्याला वाटतं.

आता मी नुसतं ‘चूक, वाफ असते’ असं सांगितलं तर काय होईल? मुलं परीक्षेत ‘वाफ’ लिहितील आणि डोक्यातलं चित्र तसंच ठेवतील.

हे असं का होतं याचं सगळ्यात नीट उत्तर मला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो विद्यापीठाच्या अ‍ॅलेक्स जॉन्स्टन यांच्या लेखनात मिळालं. १९८०च्या दशकात त्यांनी मांडलं की रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर बोलतं. पहिली पातळी डोळ्यांना दिसणारी: रंग, वास, साका, बुडबुडा. दुसरी न दिसणाऱ्या कणांची: रेणू, आयन, त्यांची धडपड. तिसरी चिन्हांची: सूत्रं, समीकरणं, आलेख. शिक्षक एकाच वाक्यात या तिन्ही पातळ्यांवरून उड्या मारतो. ‘हे बघा, निळा रंग आला, म्हणजे कॉपरच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू आले, म्हणून सूत्र असं लिहायचं.’ शिक्षकाला ते एकच वाटतं. मुलाला मात्र तीन वेगळ्या गोष्टी एकदम पेलाव्या लागतात. मग तो त्यातली एकच धरतो, आणि बहुतेक वेळा चिन्हांची, कारण परीक्षेत गुण तिथेच मिळतात.

माझा एवढा एकच मुद्दा आज लक्षात ठेवा. शिकवणं पडद्यावरून आहे की वर्गातून, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा: मुलाच्या डोक्यात आत्ता कोणतं चित्र आहे, हे मला कसं कळेल? आणि या तीन पातळ्या त्याच्या मनात जोडल्या जाव्यात म्हणून मी काय करीन?

एक सिरिंज

बुडबुड्यांचा गुंता सोडवायला मला लागली औषधाच्या दुकानात मिळणारी एक प्लॅस्टिकची सिरिंज, तीही सुई न लावता. तुम्हीही करून बघा.

हाताला सोसेल इतपत, पण चांगलं गरम पाणी घ्या. सिरिंजमध्ये थोडंसं ओढा. टोक वर करून आतली हवा घालवा. आता टोकावर बोट घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या मागे ओढा. पण ओढण्याआधी थांबा, आणि काय होईल ते लिहून ठेवा.

मुलांनी लिहिलं, ‘काही होणार नाही, पाणी उकळायला १०० अंश लागतात.’ मग त्यांनी ओढलं. पाणी उकळायला लागलं! आतला दाब कमी झाला, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळलं.

खरा प्रश्न यानंतरचा. आता दट्ट्या सोडला तर बुडबुडे राहतील की जातील? पुन्हा आधी लिहा. बुडबुड्यांत हवा असेल तर ती कुठे जाणार? राहायला हवी. हायड्रोजन-ऑक्सिजन असतील तर तेही असे झटक्यात पुन्हा पाणी होणार नाहीत. वाफ असेल तर मात्र दाब वाढताच तिचं पाणी होईल आणि बुडबुडे नाहीसे होतील. मुलांनी सोडून पाहिलं. बुडबुडे गेले. एखादा बारीकसा उरला, तो खरंच हवेचा. तो बाहेर काढून पुन्हा ओढलं तर पुन्हा उकळलं.

वादाचा निकाल मुलांच्या स्वतःच्या हातात लागला. मग मी आकडे काढले. एक मोल पाणी, म्हणजे साधारण १८ ग्रॅम, १०० अंशांना वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच पाण्यातले सगळे ओ-एच बंध तोडायला सुमारे ९२५ किलोज्यूल लागतात, वीसपटीहून जास्त. घरातल्या गॅसवर चहाचं पाणी असं तुटत असतं तर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं मिश्रण थेट ज्योतीजवळ तयार झालं असतं आणि रोज सकाळी चहाऐवजी स्फोट झाला असता. मुलं हसली. पण ते हसणं समजल्याचं होतं.

आधी अंदाज, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण. हा क्रम मी आता सोडत नाही. अंदाज लिहून घेतल्याशिवाय प्रयोग दाखवला तर मुलं ‘मला माहीतच होतं’ म्हणतात आणि जुनं चित्र शाबूत राहतं.

पडदा कशासाठी, वर्ग कशासाठी

यानंतर मी माझ्या तासांची वाटणी नव्यानं केली. एकट्यानं ऐकण्यासारखं काय आणि सगळ्यांनी मिळून करण्यासारखं काय, असे दोन भाग.

समजावून सांगणं हे ऐकण्यासारखं काम आहे. ते मी आधीच आठ-दहा मिनिटांच्या छोट्या रेकॉर्डिंगमध्ये पाठवते. गावातल्या मुलाला नेटवर्क रात्री अकराला मिळतं, तो तेव्हा उतरवून घेतो आणि तीनदा ऐकतो. ही युक्ती माझी नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या वुडलँड पार्क इथल्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक २००७च्या सुमारास गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठी तास रेकॉर्ड करू लागले. त्यातून ‘फ्लिप्ड क्लासरूम’ म्हणजे उलटा वर्ग ही पद्धत नावारूपाला आली. सांगणं घरी, सराव आणि चर्चा वर्गात.

भेटीचा वेळ, मग तो पडद्यावरचा असो वा वर्गातला, मी प्रश्नांसाठी ठेवते. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची पद्धत मी उचलली. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. वर्गात मुलं छातीशी बोटं धरून दाखवतात: एक बोट, दोन बोटं. छातीशी अशासाठी की शेजाऱ्याचं बघून बदलता येऊ नये. ऑनलाइनमध्ये मी सांगते, ‘उत्तर टाइप करा, पण मी तीन म्हणेपर्यंत पाठवू नका.’ मग सगळी उत्तरं एकदम येऊन पडतात आणि हुशार मुलाच्या मागे कुणाला लपता येत नाही.

यानं फरक पडतो का? २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. नुसतं व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होतं, आणि मुलांना करायला, बोलायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. शंभर मुलांच्या वर्गात हा फरक बारा मुलांचा आहे. आमच्याकडे त्यातली काही मुलं घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच असतात.

पातळ्यांप्रमाणेही साधन ठरतं. कण दाखवायला पडदा उत्तम. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्याची सिम्युलेशनं मोफत आहेत, काही मराठीतही आहेत. पदार्थाच्या अवस्थांवरच्या सिम्युलेशनमध्ये पाणी तापवलं की रेणू एकमेकांपासून दूर जाताना दिसतात, पण एकही रेणू तुटत नाही. हे कोणत्याही फळ्यावर इतकं चांगलं दिसत नाही. म्हणून कॉलेज सुरू झाल्यावरही मी ते वर्गात वापरते. उलट रंग बदलणं, उष्णता जाणवणं, वास येणं यासाठी मुलांच्या हातात खरी वस्तूच हवी.

एक अर्ज

आता एका मुलीची गोष्ट सांगते. तिचं नाव सांगणार नाही.

खरगोन जिल्ह्यातल्या एका गावातली ती. ऑनलाइन वर्गात तिचा कॅमेरा कायम बंद. पण गृहपाठ वेळेवर, अक्षर मोत्यासारखं, उत्तरं अचूक. घरी बसून लिहायच्या परीक्षेत तिचे गुण वर्गात सगळ्यात वरच्यांत. मी दोनदा तिचं सगळ्यांसमोर कौतुकही केलं होतं.

कॉलेज सुरू झालं. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या आठवड्यात ती माझ्या टेबलापाशी आली आणि एक कागद पुढे केला. विज्ञान शाखा सोडून कला शाखेत जाण्याचा अर्ज. त्यावर माझी सही हवी होती.

मी म्हणाले, ‘अगं, तुझे गुण बघ की.’

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘मॅडम, उत्तर लिहिता येतं. पण आत काय होतं, ते मला दिसत नाही. इथे सगळ्यांना दिसतं.’

‘इथे सगळ्यांना दिसतं’ हे तिला वाटत होतं. पोलचा निकाल मला माहीत होता, तिला नव्हता. बुडबुड्यांवर मतं घेतली, पण ती आकडेवारी मी मुलांना दाखवली नव्हती. त्यांना वाईट वाटेल म्हणून लपवली होती. त्यामुळे प्रत्येक मुलाला आपण एकटेच अडलोय असं वाटत राहिलं. ही माझी चूक. आता मी पहिल्या मतांचा निकाल नेहमी सगळ्यांना दाखवते.

मी सही केली नाही, पण अर्ज फाडलाही नाही. तिला म्हटलं, ‘हा माझ्याकडे राहू दे. एक महिना माझ्यासोबत एक काम कर. मग तू म्हणशील ते.’

काम साधं होतं. रोज एक चित्र काढायचं. समीकरण लिहायचं नाही, नुसते ठिपके आणि गोळे. पहिलं चित्र: चिमूटभर मीठ पाण्यात टाकल्यावर. तिनं सोडियम आणि क्लोरीनच्या जोड्या काढल्या, हात धरून पोहणाऱ्या. म्हणजे तिच्या चित्रात मीठ विरघळलंच नव्हतं, फक्त पसरलं होतं. वर्षभर ‘आयन’ हा शब्द तिनं अचूक लिहिला होता. मी चूक सांगितली नाही. विचारलं, ‘मग या पाण्यातून वीज कशी जाते?’ दुसऱ्या दिवशी जोड्या सुटल्या होत्या आणि प्रत्येक गोळ्याभोवती पाण्याचे रेणू आले होते.

नंतर अ‍ॅसिटिक आम्लाचं चित्र. तिनं आधी सगळे रेणू तोडून टाकले. मग आम्ही हिशोब केला. एक मोलर अ‍ॅसिटिक आम्लात हजार रेणूंपैकी साधारण चारच रेणू आयनांत तुटलेले असतात. हजारात चार! म्हणजे अडीचशे गोळे काढले तर त्यातला एकच तुटका. ती एकदम म्हणाली, ‘म्हणजे दुर्बल आम्ल म्हणजे पाणी घातलेलं आम्ल नव्हे!’

हा गोंधळ आपल्या भाषांतूनही येतो. आपण ‘कडक चहा’ म्हणतो तेव्हा पावडर जास्त, पाणी कमी असा अर्थ असतो. मग ‘स्ट्राँग अ‍ॅसिड’ ऐकल्यावर मूल तोच अर्थ लावतं. पण रसायनशास्त्रात आम्ल किती तीव्र आणि द्रावण किती संहत, या वेगळ्या गोष्टी. तसंच आपण बर्फही ‘विरघळला’ म्हणतो आणि साखरही ‘विरघळली’ म्हणतो. बर्फ वितळतो, त्याला दुसरं काही लागत नाही. साखर विरघळते, तिला पाणी लागतं. म्हणून मी मुलांना सांगते, संज्ञा इंग्रजीत लिहा, पण चित्राचं वर्णन हिंदीत करा, निमाडीत करा, मराठीत करा. घरच्या भाषेत सांगताना जिथे अडाल, तिथेच खरं अडलेलं असतं. गावातल्या मुलांना मी तीस सेकंदांचा आवाज पाठवायला सांगते. त्याला व्हिडिओसारखा डेटा लागत नाही, आणि मला त्यातून कितीतरी कळतं.

हाताचं काम

त्या मुलीची दुसरी भीती प्रयोगशाळेची होती. तिनं ब्युरेट पहिल्यांदाच हातात घेतला होता. मी तो व्हिडिओवर दहा वेळा दाखवला होता, पण तोटी किती फिरवली की एकच थेंब पडतो हे बोटांना शिकावं लागतं. तो भाग पडद्यावरून जात नाही, हे मी मान्य करते.

काय जातं? वाचन आणि विचार. टाळेबंदीत मी ब्युरेटचे जवळून फोटो काढून प्रत्येकाला वेगळा पाठवायचे. द्रवाच्या कडेची खालची रेघ बघून वाचन लिहा. कुणाचं कुणाशी जुळायचं नाही, म्हणून नक्कल करता यायची नाही. घरच्या घरी हळदीचे प्रयोग व्हायचे. हळदीचा डाग साबण लावला की लाल का होतो आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा का होतो, हे सांगा. एक ताकीद मात्र प्रत्येक वेळी: शौचालय धुण्याचं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करायची नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि जीव जाऊ शकतो.

म्हणून कॉलेज उघडल्यावर पहिले दोन आठवडे मी अभ्यासक्रम पुढे नेला नाही. फक्त हात: पिपेट धुणं, ब्युरेट भरणं, थेंब मोजणं, हातानं हवा ओढून वास घेणं. सहकारी म्हणाले, ‘वेळ वाया चाललाय.’ मला तसं वाटलं नाही.

त्या आठवड्यांत एक गंमत कळली. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळतं. मुलांच्या थर्मामीटरवर ९८ दिसत होतं आणि वहीत सगळ्यांनी १०० लिहिलं होतं. डोळ्यांपेक्षा पुस्तकावर जास्त विश्वास! एकाच वहीत ९८ होतं, आणि पुढे कंसात लिहिलं होतं, ‘थर्मामीटर खराब आहे का?’ वही त्याच मुलीची होती.

मी ती वही सगळ्या वर्गाला दाखवली. बाकीच्यांची फजिती करायला नाही, तर मग सगळ्यांनी मिळून सिरिंजचा प्रयोग आठवावा म्हणून. बाहेरचा दाब कमी, तर उकळण्याचं तापमान कमी. महाबळेश्वरला किंवा लेहला डाळ शिजायला वेळ का लागतो, हेही मुलांनीच सांगितलं.

महिना संपला. अर्ज माझ्या खणातच होता. ती तो मागायला आली नाही, मीही विषय काढला नाही. तिनं बी.एस्सी. पूर्ण केलं.

परीक्षेचं काय?

शिक्षक मला नेहमी विचारतात, ‘हे सगळं ठीक, पण प्रश्नपत्रिका तर तीच येते.’ खरं आहे. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका माझ्या हातात नाही, पण वर्गातली छोटी चाचणी आहे. तिथे मी आता चुकीचं उत्तर छापून देते. ‘एका विद्यार्थ्यानं लिहिलं की पाणी उकळलं की त्याचे रेणू तुटतात. त्याचं कुठे चुकलं, आणि तसं त्याला का वाटलं असेल?’ याचं उत्तर मोबाइलवरून उतरवता येत नाही. आणि अशी सवय लागलेली मुलं नेहमीच्या प्रश्नपत्रिकेतही मागे पडत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पालकांना एवढंच सांगेन. मुलाला ‘किती गुण मिळाले?’ याआधी एकदा ‘आज काय शिकलास, मला सांग’ असं विचारा. तुम्हाला रसायनशास्त्र येत नसलं तरी चालेल. त्याला घरच्या भाषेत सांगता आलं, तर ते त्याचं झालं.

आणि मुलांनो, ‘सगळ्यांना येतं, मलाच येत नाही’ असं वाटलं तर एक गोष्ट करा. शेजाऱ्याला विचारा, बुडबुड्यात काय असतं. बहुतेक वेळा तोही तुमच्याइतकाच विचारात पडेल. मग दोघं मिळून शोधा.

सुरुवातीला तुम्ही मनात एक उत्तर पक्कं केलं होतं. ते बरोबर होतं की चूक, हे मला सांगू नका. ते कुठून आलं होतं, तेवढं आठवून बघा. आणि पाणी आता बरंच आटलं असेल, चहा टाकून घ्या.